एक महिना आधी, लेखी

गोठिवलीच्या खोलीचा करार सोळा पानांचा,
सगळा इंग्रजीत.
भानुशाली एजंट मशीन घेऊन आला
तेव्हा माझा अंगठा उमटेना.
महाप्याच्या कारखान्यात बारा वर्षं
बटणपट्टीवर शिलाई मारते,
तो अंगठा मशीनला माणसाचा वाटला नाही.
ओल्या फडक्याने चौथ्यांदा पुसला
तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला,
आणि त्या आनंदात कलमं वाचायची राहून गेली.

रात्री श्रावस्तीने वाचून दाखवलं.
नववीत आहे. अडेल तिथे मोबाइलवर शब्द बघायची.
पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणाली,
तू सोडायचं नाही, त्यांनी काढायचं नाही.
सोडलंस तर सहातल्या उरलेल्या महिन्यांचं भाडं भर आणि जा.
त्यानंतर कुणीही, कधीही, पण
एक महिना आधी, लेखी.
आणि अकरा महिने भरले की?
तिने पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.
तेव्हा कुणी कुणाला सांगायचं नाही, आई.
तारीखच सांगते.
आणि बारावा महिना?
तो यात नाहीच.

हे गळी उतरायला मला दिवस लागले.
बॉबिन भरताना तेच डोक्यात:
मध्येच मोडायचं असेल तर नोटीस,
वेळेवर संपणारं न बोलता संपतं.
कॅलेंडरवर एकतीस मेच्या चौकोनात
पेन्सिलीने टिंब दिलं,
दुधाच्या हिशेबात हरवावं इतकं बारीक.

वीस फेब्रुवारीला मढवी काका आले.
खुर्ची दिली, बसले नाहीत.
पंख्याकडे बघत म्हणाले,
पोराचा लगीन हाय बाय, वैशाखान.
खोली लागंल.
माझ्या तोंडून आपसूक निघालं,
लेखी द्या, काका.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
मना लिव्हाला येत नाय. निसती सही येते.

मग मीच बसले.
श्रावस्तीच्या वहीतलं मधलं पान काढलं,
वर त्यांचं नाव, मोरेश्वर नामदेव मढवी,
खाली माझं,
आणि मलाच लिहिलं, की आपणास कळविण्यात येते.
काका उंबऱ्यात उभे राहून
पेन कसं चालतं ते पाहत होते.
आमचे बापाला पन आयलेली नोटीस, म्हणाले.
भातखाचर गेला तवा.
चावडीवर चिकटवलेली.
किती दिवसांची होती?
कोनाला म्हायती? वाचनारा कोन व्हता?

तारखेपाशी माझा हात थांबला.
वीस फेब्रुवारी अधिक एक महिना,
वीस मार्च. बोटांवर दोनदा मोजलं,
जास्त येईना.
पोरीची परीक्षा कवा सरते?
बारा एप्रिल.
मंग तसा लिव.

करारातल्या एका महिन्याचे
वहीच्या पानावर एक्कावन्न दिवस झाले.
कलम तेच होतं. भानुशालीला विचारलं असतं
तर त्याने कपाळाला हात लावला असता.

काकांनी सही केली,
एकेक अक्षर जमिनीत रोवावं तशी.
दुसऱ्या प्रतीवर मी लिहिलं, नोटीस मिळाली,
आणि माझ्याच अक्षराखाली माझी सही.
त्यांनी आपला कागद चार घड्या करून
खिशात टाकला, चप्पल घातली,
अर्धा जिना उतरून परत वर आले.

रंगाचे दोन हजार कापीन हां डिपॉझिटमधून.

कापा, म्हटलं.
पण लेखी द्या.

आणि वहीचं आणखी एक पान फाडलं.